चित्राला घातलेला हार

नातवंडांनो, परवा तुमच्या आजोबांचं हृदयाचं ऑपरेशन आहे. एक गोष्ट फोनवर मला सांगता आली नसती, म्हणून लिहिते आहे.

मागच्या महिन्यात लातूरच्या कलादालनात आजोबांच्या एका जुन्या विद्यार्थिनीचं चित्रप्रदर्शन होतं. आम्ही नांदेडहून सकाळच्या एसटीने गेलो. सगळ्यात मोठं चित्र आजोबांचंच होतं, खुर्चीत बसलेले, चष्मा हातात. उद्घाटनाचे पाहुणे आलेच नाहीत. त्यांच्यासाठी आणलेला झेंडूचा हार संयोजकाने आदराने त्या चित्राला घातला आणि पुढ्यात समई ठेवली. हार गेलेल्या माणसाच्या फोटोला घालतात, हे गडबडीत त्याच्या ध्यानात आलं नाही. लोक चपला काढून हात जोडू लागले. एका बाईंनी मला हळूच विचारलं, "कधी गेले हो सर?"

आजोबा मागेच उभे होते. "अजून न्हाई गेलो, बाई. चहा प्यायचा राहिलाय."

सगळे हसले. विद्यार्थिनीने रडवेल्या चेहऱ्याने हार काढला. मला हसू आलं नाही.

परतताना बसची पायरी चढताना त्यांनी पहिल्यांदा छातीवर हात ठेवला.

असल्या गोष्टींवर माझा विश्वास नाही; तुमच्या आईलाही मी तेच शिकवलं. तरी तेव्हापासून मी घरात झेंडू आणलेला नाही.

विद्यार्थिनीने ते चित्र आम्हालाच दिलं. ते बैठकीत लावलं आहे, त्यावर हार नाही. आत्ता आजोबा त्याच्याच खाली बसले आहेत.