मंगळवारचे डबे

आगारात त्यांना सगळे मिनिटराव म्हणत. बसगाड्यांची वेळापत्रकं बसवण्यात त्यांची एकतीस वर्षं गेली. कुठली गाडी कधी सुटणार, कुठल्या थांब्यावर किती वेळ थांबणार, चालक जेवणार कधी, हे सगळं ते एका लांबलचक कागदावर रंगीत पेन्सिलींनी आखत. एखाद्या फेरीतून दोन मिनिटं वाचली, की स्वारी दिवसभर खुशीत. घरात मात्र दुधाचं पातेलं कुठल्या फळीवर असतं, हेसुद्धा त्यांना विचारावं लागे. घर बायकोचं. तिथे तिचा शब्द शेवटचा. "तिचा शब्द मी कधी खाली पडू दिला नाही," असं ते आगारात मोठ्या तोऱ्यात सांगत. दुसरा काही इलाजच नसे, हे सांगत नसत.

स्वयंपाकघरात त्यांनी कधी लुडबुड केलीच, तर बायको पातेल्यातला थेंबभर रस्सा तळहातावर घ्यायची, जिभेला लावायची आणि निकाल द्यायची, "अहो, मीठ कमी." एकदाही तिने दुसरा निकाल दिला नाही.

निवृत्तीला आठ महिने झाले नाहीत तोच तिच्या मेंदूत रक्ताची गुठळी झाली. उजवा हात आणि उजवा पाय लुळे पडले. बोलणं पार बंद झालं. दवाखान्यातून घरी सोडताना डॉक्टरांनी मिनिटरावांना बाजूला घेतलं. "गिळायला त्रास होणार. सगळं मऊ, कुस्करून द्या. मीठ अगदी बेताचं. आज वजन सेहेचाळीस आहे. काटा चाळिसाच्या खाली गेला, तर नाकातून नळी घालावी लागेल." नळी घालू द्यायची नाही, एवढं मिनिटरावांनी दवाखान्याच्या पायऱ्या उतरता उतरता ठरवून टाकलं.

मुलगी दूरच्या गावी, तिचं बाळ चार महिन्यांचं. ती फोनवर रडायची, त्याहून जास्त काही करणं तिच्या हातात नव्हतं. तेव्हा सगळं आलं मिनिटरावांच्या गळ्यात. सकाळी बायकोचं अंग पुसायचं, कपडे बदलायचे, हातापायांचे व्यायाम करून घ्यायचे, आणि मग स्वयंपाक! पहिल्या तीन आठवड्यांत त्यांच्या नाकी नऊ आले. कोबी आणला तर गाजरं संपलेली, गाजरं आणली तर कोबी सडलेला. भात शिजेपर्यंत बायकोला झोप लागे. व्यायाम शिकवणाऱ्या माणसाची फी आणि औषधं भागवून पेन्शनीत जे उरे, त्यातलं निम्मं कचऱ्याच्या बादलीत जाई.

मग एका शनिवारी त्यांनी कपाटातून रंगीत पेन्सिली काढल्या.

तक्ता असा काही झाला की बघत राहावं. उभे सात वार, आडव्या तीन वेळा, आणि शेवटी शेऱ्याचा रकाना. सोमवारी कोबी-गाजर, मंगळवारी भोपळा-भात, बुधवारी अंडं आणि बटाटा, गुरुवारी मसूर, असं रविवारपर्यंत. बाजार आठवड्यातून एकदा. रविवारी सकाळी सगळं एकदम शिजवायचं, कुस्करायचं, डब्यांत भरायचं, झाकणावर वाराची चिठ्ठी लावायची आणि डबे फ्रीजरमध्ये. रोज फक्त गरम करायचं. बायकोची खाट हलवून त्यांनी स्वयंपाकघराच्या दाराशी आणली होती, म्हणजे काम करता करता तिच्यावर नजर राहील. तक्ता फ्रिजच्या दारावर, थेट तिच्या समोर लागला. भाजी सडायची थांबली, गॅस पुरायला लागला, दिवसाचे दोन तास मोकळे झाले. मिनिटरावांना पुन्हा आगारात बसल्यासारखं वाटलं.

फक्त ती जेवेना. दोन चमचे घ्यायची, तिसऱ्याला ओठ मिटायची. शेऱ्याच्या रकान्यात मिनिटराव लिहीत, "पाव वाटी. बाकी फेरी रद्द."

दुसऱ्या आठवड्यातल्या सोमवारी त्यांनी कोबीचा चमचा पुढे केला, तेव्हा तिने डाव्या हाताने तो बाजूला सारला. तोंड वाकडं झालं, गळ्यात काहीतरी घरघरलं, आणि सहा आठवड्यांनी पहिल्यांदा शब्द बाहेर पडला.

"मंगळवार."

मिनिटरावांच्या हातातला चमचा खाली पडला. बायको बोलली! नुसती बोलली नाही, समोरचा तक्ता वाचून बोलली! त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. "मंगळवारचं हवंय? अगं, मग सांगायचं नाही का आधी!" असं ते म्हणाले, आणि सहा आठवडे मुकी असलेल्या बाईला आपण काय म्हणतोय हे कळून स्वतःच हसले. धावत जाऊन त्यांनी भोपळ्याचा डबा काढला. तिने चार चमचे खाल्ले. त्या दिवशी शेरा होता, "प्रवाशांच्या मागणीवरून मार्गात बदल."

दुसऱ्या दिवशीही ती म्हणाली, "मंगळवार." त्यानंतरच्या दिवशीही. पुढच्या रविवारी मिनिटरावांनी बाजारातून दोन मोठे भोपळे आणले आणि एकवीसच्या एकवीस डबे भोपळा-भाताचे भरले. सगळ्यांवर एकच चिठ्ठी. तसा तक्ता आणखी सोपा झाला होता. खर्चही कमी. भोपळ्याइतकं स्वस्त आणि टिकाऊ काय असतं?

"आईला भोपळा?" मुलगी फोनवर म्हणाली. "बाबा, आई बाजारात भोपळ्याकडे बघायचीसुद्धा नाही."

"आता आवडायला लागलाय. स्वतः मागते."

"मागते म्हणजे? काय म्हणते?"

"मंगळवार म्हणते."

तेवढ्यात पलीकडे बाळ रडायला लागलं म्हणून मुलीने फोन ठेवला.

तसं पाहिलं तर मिनिटरावांनाही अधूनमधून खटकत होतं. ती खिडकीकडे बघून मंगळवार म्हणायची. अंग पुसताना पाणी गार लागलं की मंगळवार म्हणायची. पण माणसाला भूक लागली की दुसरं काय सुचणार, अशी त्यांनी मनाची समजूत घातली. भोपळा ती पहिल्या दिवशी चार चमचे खायची, नंतर तीन, मग दोन. काटा त्रेचाळीसवर आला. मग बेचाळीसवर. मिनिटरावांनी डबे आणखी बारीक कुस्करले. तिचा शब्द ते झेलत होते, तरी ती वाळत चालली होती, आणि का ते त्यांना कळत नव्हतं.

बोलायला शिकवणाऱ्या बाईंचा नंबर लागायला दोन महिने गेले. अखेर एका बुधवारी त्या घरी आल्या. पिशवीतून चित्रं काढून त्यांनी खाटेवर मांडली. किल्ली दाखवली.

"मंगळवार," बायको म्हणाली.

कप दाखवला. मंगळवार. चप्पल दाखवली. मंगळवार.

"तिला डबा हवाय," मिनिटराव लगबगीने म्हणाले. "मंगळवारचा. आणतो."

"काका, थांबा जरा." बाईंनी फ्रिजवरचा तक्ता काढून बायकोच्या पुढे धरला. "काकू, यात मंगळवार कुठे आहे, बोट ठेवा बघू." तिचं डावं बोट कागदावर भटकत राहिलं आणि रविवारवर जाऊन थांबलं. दुसऱ्यांदा विचारलं तेव्हा शुक्रवारवर.

बाईंनी तक्ता घडी करून बाजूला ठेवला. त्यांचा आवाज मऊ झाला होता. "काका, या आजारात कधी कधी माणसाच्या तोंडी एकच शब्द उरतो. तहान लागली तरी तोच, राग आला तरी तोच. त्यांना म्हणायचं असतं वेगळंच, पण बाहेर येतं तेवढंच."

"पण मग मंगळवारच का?"

"तुमच्याकडे मंगळवारचं काही विशेष होतं का?"

मिनिटरावांनी आठवून पाहिलं. "माझी साप्ताहिक सुट्टी मंगळवारची. एकतीस वर्षं. दुपारी आम्ही दोघं एकत्र जेवायचो, तेवढा एकच दिवस."

"असेल त्यामुळे. नसेलही. त्याच्या मागे लागू नका. शब्द सोडा, चेहऱ्याकडे बघत जा."

मिनिटरावांनी मान वळवली. बायको त्यांच्याकडेच बघत होती. तिच्या मिटलेल्या ओठांचा एक कोपरा थरथरत होता आणि डोळ्यांतून पाणी ओघळून उशीवर जात होतं. "भोपळा नको म्हणत होतीस का गं?" त्यांनी विचारलं. तिने डोळे घट्ट मिटले. "मंगळवार," ती म्हणाली, "मंगळवार, मंगळवार." मिनिटराव खाटेच्या कडेवर बसले ते बसलेच. बाई कधी उठून गेल्या, हेही त्यांना कळलं नाही.

तक्ता त्यांनी फाडून टाकला. पुढचे दहा दिवस त्या घरात वेळ आणि पैसा दोन्हींचा काही हिशेब राहिला नाही. तिला पूर्वी आवडायचं ते सगळं, जसं आठवेल तसं, ताजं. मासा आणून काटे निवडत बसावं, अंडं मऊसर करावं, तिच्या तोंडाकडे बघत एकेक चमचा द्यावा. पातेल्यातला थेंब ते तिच्या जिभेला लावून बघत. ती थोडं खायची. एके दिवशी सात चमचे खाल्ले. पण अंगात आता गिळायचीही ताकद उरली नव्हती. घास रेंगाळायचा, ठसका लागायचा, ती निळी पडायची. महिन्याअखेर दवाखान्यात वजन केलं, तर काटा एकोणचाळीसवर थांबला.

डॉक्टर म्हणाले, "आधी खाल्लं असतं तर." पुढे बोलायची गरजच नव्हती.

नळी बसली. आता तयार पावडर पाण्यात कालवायची आणि दर तीन तासांनी दोनशे मिली नळीतून सोडायची. ना बाजार, ना भांडी, ना उरलंसुरलं. सकाळी सहा, नऊ, बारा, तीन. इतकं चोख वेळापत्रक मिनिटरावांना आगारातही कधी बसवता आलं नव्हतं.

फ्रीजरमध्ये भोपळ्याचे अकरा डबे शिल्लक होते. टाकून द्यायचा त्यांना धीर झाला नाही. रोज दुपारी बाराला नळी लावली की ते एक डबा गरम करत आणि खाटेशेजारी बसून खात. इतके आठवडे वेळ वाचवायला म्हणून ते ओट्याशी उभ्याउभ्या चार घास गिळत होते. आता वेळच वेळ होता. बायको त्यांच्या चमच्याकडे बघत राहायची, आणि कधीतरी म्हणायची, "मंगळवार." ते तिच्या चेहऱ्याकडे बघत. बाईंनी सांगितलं होतं तसं, अगदी नीट बघत. पण नळीची चिकटपट्टी गालावर ओढलेली होती, आणि त्या चेहऱ्यावरून 'टाका तो डबा', की 'मलाही द्या घासभर', की 'तुम्हीही किती वाळलात', काही काही कळत नसे.

चौथ्या डब्याला मुलीचा फोन आला. तोंडात घास असतानाच त्यांनी तो घेतला. तेवढ्यात खाटेवरून आवाज आला, "मंगळवार."

"आई बोलली ना आत्ता?" मुलगी पलीकडून घाईने म्हणाली. "काय म्हणाली, बाबा?"

मिनिटरावांनी बायकोकडे पाहिलं. मग डब्याकडे पाहिलं.

"मीठ कमी आहे म्हणाली," ते म्हणाले, आणि मीठ आणायला उठले.