शार्कचे दात आणि बाबांचा शाळिग्राम

बीएस्सीच्या दुसऱ्या वर्षाला मला सेमिनारसाठी शार्कच्या उत्क्रांतीचा विषय मिळाला. घरात कॉलेजला जाणारी मी पहिलीच, त्यामुळे कुणाला विचारायची सोय नव्हती. आठवडाभर वाचून डोळे दुखत होते. जमिनीवर झाडं नव्हती तेव्हाही शार्कचे पूर्वज समुद्रात होते. डायनासोर आले आणि गेले, हे राहिले. पण त्यांचा सांगाडा कुर्चेचा, तो कुजून जातो. दगडात सापडतात ते बहुतेक दातच.

दाखवायला माझ्याकडे दात कुठून असणार? देवघरात शाळिग्राम मात्र होता. त्याच्या भोकातून दिसणारं चक्र म्हणजे शार्कच्याच काळातल्या एका शंखवाल्या प्राण्याचा ठसा, हे मी नुकतंच वाचलं होतं. बाबा सकाळीच गंगेवरच्या पंचगंगा घाटावर यजमानांच्या कामाला गेले होते. आईसुद्धा ज्याला हात लावत नाही, तो शाळिग्राम मी रुमालात गुंडाळून नेला.

अकराचा सेमिनार तीनला झाला. मी अडखळतच बोलले. शाळिग्राम बाहेर काढला तेव्हा मागून एक मुलगा म्हणाला, "पंडिताइन, भगवानजी की भी अटेंडेंस लगेगी क्या?" वर्ग हसला. सर हसले नाहीत. "आगे बोलो," एवढंच म्हणाले. हा प्राणी डायनासोरांबरोबर संपला आणि शार्क तगला, हे वाक्य मी घाबरून दोनदा म्हटलं.

बाहेर येऊन सायलेंटवरचा फोन पाहिला, तर आईचे नऊ मिस्ड कॉल. तेव्हा कुठे आठवलं. शाळिग्रामाची पूजा झाल्याशिवाय बाबा जेवत नाहीत.

गल्ल्यांतून जवळजवळ पळतच घरी आले. बाबा रिकाम्या ताम्हनासमोर भिंतीला टेकून बसले होते. पहाटेपासून उपाशी. मी रुमाल पुढे केला आणि सगळं सांगून टाकलं. ते उठायला गेले, पुन्हा टेकले.

"आता हात लावलाच आहेस, तर आंघोळ करून ये आणि त्याला स्नानही तूच घाल. माझ्यात त्राण नाही."

आईने मला बादली काढून दिली.

मी पळीने पाणी घालत गेले. बाबा डोळे मिटून मंत्र म्हणत होते. तुळस वाहून झाल्यावर त्यांनी विचारलं, "त्या तुझ्या माशाचं काय राहतं म्हणालीस?"

"दात, बाबा. बाकी काही नाही."

"मग पान वाढ गं," ते आईला म्हणाले. "माझेही आहेत अजून."