झुबेदाआपांची हातगाडी

झुबेदाआपांना गाडी चालवता येत नव्हती, तेव्हासुद्धा त्या अख्ख्या सोलापूरला गाडी चालवायला शिकवत असत. रोज सकाळी धाकटा भाऊ सलीम त्यांना स्कूटरवरून शाळेत सोडायचा. आपा मागे एका बाजूला पाय सोडून बसलेल्या, दोन्ही कुबड्या झेंड्याच्या काठीसारख्या उभ्या धरलेल्या, आणि तोंड सतत चालू. "अहो रिक्षावाले, हात दाखवून वळायचं असतंय, वळून हात दाखवायचा नसतोय." "सलीम, हॉर्न नंतर, आधी ब्रेक." आसरा चौकातला हवालदार त्यांना सलाम करायचा. मला वाटतं, तो त्यांना कुणीतरी वरची अधिकारी समजत असावा.

दोन्ही पाय लहानपणीच पोलिओनं गेलेले. त्याबद्दल त्या कधी बोलत नसत आणि कुणी बोललेलं त्यांना चालत नसे. आमच्या शाळेत त्या गणित शिकवायच्या, मी मराठी. मुलांच्या वह्यांवर लाल शाईनं एकच शेरा ठरलेला, 'उत्तर बरोबर, रस्ता चुकीचा.' हा शेरा त्या वहीबाहेरही वापरायच्या. मुख्याध्यापकांनी शिस्तीसाठी नवा नियम काढला की आपा शांतपणे म्हणायच्या, "उत्तर बरोबर आहे सर, रस्ता चुकलाय." मला म्हणायच्या, "सुरेखाबाई, तुमचा विषय बरा. कुणी काहीही लिहिलं तरी त्याला भावार्थ म्हणता येतंय."

त्यांचा आणखी एक शब्द होता, "बघू की." दुसरा कुणी 'बघू' म्हणाला म्हणजे काम झालं नाही असं समजावं. आपा म्हणाल्या म्हणजे काम झालं असं समजावं, आपण मध्ये पडू नये.

त्या दिवशी मधल्या सुट्टीत चित्रकलेचे सर वर्तमानपत्रातल्या छोट्या जाहिराती मोठ्यानं वाचत होते. हा त्यांचा रोजचा करमणुकीचा कार्यक्रम. "हे ऐका," ते म्हणाले. "'जुनी मोटार विकणे. खास बनवून घेतलेली. पायाची गरज नाही. जेऊर.' आता मोटारीला पाया कशाला लागतोय? घराची जाहिरात आणि मोटारीची जाहिरात एकात छापली बघा." सगळे हसले. मी तर भाषेची शिक्षिका, त्यामुळे पाय आणि पाया या दोन शब्दांची सामान्यरूपं कशी सारखी होतात ते समजावून सांगायला लागले. आपा हसल्या नाहीत. त्यांनी हात पुढे केला, कागद मागून घेतला, दोनदा वाचला आणि घडी घालून पर्समध्ये ठेवला.

"आपा, काय झालं?" मी विचारलं.

"बघू की," आपा म्हणाल्या.

पुढच्या रविवारी आम्ही तिघं रेल्वेनं जेऊरला. सलीमभाई वाटेभर एकच गोष्ट सांगत होते, की जुनी मोटार घेणं म्हणजे म्हातारा हत्ती पाळणं. आपा खिडकीबाहेर बघत शेंगा सोलत होत्या. घर स्टेशनपासून लांब, शेतात. मालक पन्नाशीचे शेतकरी. त्यांनी आम्हाला गोठ्यामागच्या पत्र्याच्या शेडात नेलं आणि कडब्याच्या पेंढ्या बाजूला केल्या. आत मोटार होती, म्हणजे असावी. टपावर कोंबड्या बसल्या होत्या, आणि रंग कोणता होता ते कोंबड्यांमुळे सांगता येत नव्हतं.

"आपा, ये गाडी नैं," सलीमभाई हळूच म्हणाले, "मुर्गियों का घर हय."

मालकांना ते ऐकू गेलं, पण ते रागावले नाहीत. "आमचं आबा हिरीत पडलं आन् कमरंखालचं सगळं गेलं," ते म्हणाले. "पर मानूस लई हट्टी. पुन्याला एक मिस्त्री गाठला, इंग्लंडची जुनी गाडी दिली आन् म्हनलं, मला हातानं चालवायला करून दे. त्यानं दिली की करून. हिच्यातनंच जायाचं करमाळ्याच्या बाजाराला, एकलं. आमाला बसू देत नसत. आता आबा गेलं, मोडीत द्यायला जीव हुईना, म्हनून जाहिरात दिली."

मग त्यांनी दार उघडून दाखवलं. स्टिअरिंगखाली दोन पितळी दांडे. एक दाबला की ब्रेक, दुसरा ओढला की वेग. क्लच गिअरच्या दांड्यावरच्या मुठीत. खाली पेडल नावाची वस्तूच नव्हती, नुसती सपाट फळी. चालकाची बैठक रुळावर बसवलेली, ओढली की अर्धी दाराबाहेर यायची, म्हणजे बसणाऱ्याला उडी मारायला नको. बैठकीवर कापड म्हणून काही उरलं नव्हतं. आपांनी हे सगळं एका नजरेत बघितलं, पण त्यांचा हात गेला तो दाराच्या आतल्या बाजूला. तिथं चामड्याचे दोन पट्टे ठोकलेले होते. कशाला असतील ते मला कळेना. आपांनी आपल्या कुबड्या उचलल्या आणि त्या पट्ट्यांत अडकवल्या. अगदी मापात बसल्या.

मग आपा मालकांना म्हणाल्या, "कोंबड्या उतरवून द्याल ना? त्या आमच्याकडं येणार नाहीत."

ट्रकवर चढून मोटार सोलापुरात आली आणि आमच्या शिक्षकांच्या खोलीत तिचं नाव 'हातगाडी' पडलं. आपांना ते आवडलं. कुणी भाजीवाल्याची हातगाडी म्हणून चिडवलं तर त्या म्हणायच्या, "व्हय, तुम्हाला काय देऊ, दोडका का कारलं?" मोटार नागेश मिस्त्रींच्या गॅरेजात उभी राहिली. मिस्त्रींनी बॉनेट उघडलं, बंद केलं, आणि विचारलं, "बाई, हिचे पार्ट कुठनं आणायचे?"

"आणायचे कशाला? बनवायचे की."

यंत्रमागाचे सुटे भाग बनवणारे लेथवाले आपल्या गावात गल्लोगल्ली. दांड्यांच्या झिजलेल्या खिळी आपांनी त्यांच्यापैकी एकाकडून करून घेतल्या. तो म्हणाला, आजवर कापड विणायचे दांडे केले, माणूस थांबवायचे पहिल्यांदाच. शाळा सुटली की आपा गॅरेजात. स्टुलावर बसून मिस्त्रींना प्रश्न विचारायच्या आणि उत्तर पटलं नाही की पुन्हा विचारायच्या. एकदा मिस्त्रींनी ब्रेकची तार ओढून दाखवली आणि म्हणाले, "झालं बघा, धरतोय." आपांनी खडूनं जमिनीवर रेघ मारली. "रेघेवर थांबवून दाखवा." मोटार रेघ ओलांडून थांबली. मिस्त्रींनी पुन्हा तार काढली. जाताना ते मला कानात म्हणाले, "बाई, तुमच्या शाळेतली पोरं नापास कशी होत नाहीत ते आज कळलं. भीतीच तेवढी हाय."

इंजिन झालं, दांडे झाले, रंग झाला. रंग कोणता द्यायचा यावर आठवडाभर वाद झाला आणि शेवटी आपांनी कच्च्या कैरीचा हिरवा निवडला. तो गाडीला शोभतो का, हे विचारायची कुणाची छाती झाली नाही. राहिली फक्त बैठक. आणि बैठकीचं काम तर घरचंच. सलीमभाईंचं सीट कव्हरचं दुकान. सोलापुरातल्या निम्म्या रिक्षा त्यांनी शिवलेल्या गादीवर बसतात. पण आपांची गादी होईना. "रेक्झिन येतंय." "फोम चांगला मिळेना." "कारागीर गावाला गेलाय." एक महिना गेला, दुसरा गेला.

माझ्या दुचाकीची सीट फाटली म्हणून मी त्यांच्या दुकानात गेले होते. सहज विचारलं, "आपांची गादी कुठवर आली?" ते कात्री खाली ठेवून म्हणाले, "बाई, मला खरं सांगा. माझं काही चुकलं का? कधी उशीर केला? पाऊस म्हणलो, ऊन म्हणलो? आजारी असलो तरी सोडायला गेलो. आता त्या पितळी दांड्यावर त्यांचा भरोसा, माझ्यावर नाही."

तेवढ्यात रिक्षा थांबली आणि आपा उतरल्या. माझ्यासमोर ही भावंडं नेहमी मराठीत भांडत, मला न्याय देता यावा म्हणून.

"रेक्झिन आलं का?"

"येतंय."

"त्या मागच्या कपाटात काय आहे मग? हिरवंच दिसतंय."

सलीमभाई मान खाली घालून म्हणाले, "आपा, मी जड झालो का तुम्हाला?"

आपा बाकावर बसल्या. कुबड्या मांडीवर आडव्या घेतल्या. "सलीम," त्या म्हणाल्या, "तुझ्यासारखा भाऊ कुणाला नसेल. पण इतकी वर्षं तुझ्या मागं बसून मी काय बघितलं सांग. तुझी पाठ. तुझे शर्ट सगळे मला पाठ आहेत, कुठला कुठं उसवलाय ते. सोलापूर मला ऐकून माहीत आहे. एकदा समोरून बघू दे."

सलीमभाई उठले, कपाट उघडलं आणि हिरव्या रेक्झिनचा गठ्ठा टेबलावर टाकला. माझी सीट त्या दिवशी राहिली.

महिनाभर मिस्त्रींकडून चालवायला शिकून परवान्याच्या परीक्षेला आपा गेल्या तेव्हा मी सोबत होते. अधिकारी तरुण होते. गाडी बघून जरा गांगरले, मग म्हणाले, "मॅडम, आठ आकडा काढून दाखवा." आपांनी काढला, हळू आणि वाटोळा, फळ्यावर काढतात तसा. उतरल्यावर म्हणाल्या, "खालचं वर्तुळ जरा मोठं झालं. पुन्हा काढू का?" ते नको म्हणाले.

त्यानंतर आपा रोज स्वतः शाळेत येऊ लागल्या. काच खाली करून रिक्षावाल्यांना पूर्वीसारखंच शिकवायच्या, फक्त आता थांबून शिकवायच्या. मागच्या गाड्यांची रांग लागायची. सलीमभाई काही दिवस स्कूटरवरून मागोमाग येत, दुकानाची वाटच इकडून आहे असं सांगत. दुकान विरुद्ध दिशेला होतं.

हिवाळ्यातल्या एका संध्याकाळी सलीमभाईंचा मला फोन आला. आपा घरी पोचल्या नव्हत्या. शाळा सुटून बराच वेळ झाला होता आणि फोन बंद. मिस्त्रींकडे नाहीत, मैत्रिणीकडे नाहीत, दवाखान्यात नाहीत. सलीमभाई स्कूटर घेऊन आले, मी मागे बसले. रस्त्यात ते एकच म्हणत होते. "ब्रेक लागला नसेल, बाई. तार तुटली असेल." कुणीतरी सांगितलं, हिरवी मोटार अक्कलकोट रस्त्यानं गेली. आम्ही निघालो. वळसंगच्या अलीकडे, जिथं दोन्ही बाजूंना नुसती ज्वारी उभी असते, तिथं रस्त्याच्या कडेला ती दिसली. उलटलेली नव्हती, धडकलेली नव्हती. दार उघडं, बैठक अर्धी बाहेर ओढलेली, आणि तिच्यावर आपा ओल्या शेंगा खात बसलेल्या.

मीच विचारलं, "आपा, इथं काय काम होतं?"

"काही नाही."

"मग कुठं निघाला होता?"

"कुठं नाही." त्यांनी मला शेंगा दिल्या. "बसा. सुरेखाबाई, मला न्यायचं म्हणजे कुणालातरी त्रास. मग तसंच काम पाहिजे. शाळा, दवाखाना, कुणाचं लग्न, कुणाची मयत. बिनकामाचं मला आजवर कुणी कुठं नेलं नाही, आणि मीही कधी म्हणाले नाही. कोणत्या तोंडानं म्हणणार? आज शाळेतून निघाले आणि घराकडं वळायचं ते वळलेच नाही. बास. फोन बंद केला ते मात्र चुकलं."

वारा सुटला होता आणि ज्वारीची कणसं हलत होती. सलीमभाई रस्त्याकडे पाठ करून उभे होते, डोळे पुसत असावेत. मग वळून नेहमीच्या आवाजात म्हणाले, "शाल तरी आणायची. थंडी वाजतेय."

"तू बस गाडीत. काच लावली की ऊब येते."

ते भावासारखे नाही, पाहुण्यासारखे अंग चोरून बसले. स्कूटर मला आणावी लागली. मला गिअरच्या स्कूटरची सवय नाही, त्यामुळे गावापर्यंत मी त्यांच्या मागे दुसऱ्या गिअरमध्येच होते. मोटारीच्या मागच्या काचेतून दोन डोकी दिसत होती, आणि दोन्ही सारखी हलत होती. भांडत होते.

आपा निवृत्त झाल्या आणि पुढे बरीच वर्षं गाडी चालवत राहिल्या. गेल्या वर्षी त्या गेल्या, झोपेतच, कुणाला त्रास न देता. मयतीला आसरा चौकातले रिक्षावाले आले होते.

मोटार विकायची का, असं सलीमभाईंना चारजणांनी विचारलं. परवा सकाळी मी फिरायला गेले तर होटगी रस्त्याच्या मैदानात ती हिरवी मोटार दिसली. थोडी पुढे जायची, आचका देऊन बंद पडायची, पुन्हा चालू व्हायची. जवळ गेले. सलीमभाई घामानं भिजलेले, दोन्ही हात दांड्यांवर, आणि पाय खालच्या मोकळ्या फळीवर काहीतरी शोधत होते.

मला बघून त्यांनी काच खाली केली.

"पाय लई मधी येतात, बाई," ते म्हणाले.