मासळीच्या हाताचं क्रोटन

घिवलीची जयवंती बोईसरच्या बाजारात मासळी विकते. वय पंचावन्न, आवाज खळ्याच्या या टोकाहून त्या टोकाला जाईल असा. घरापुढचं हे खळं मासे सुकवायचं. खाली खारी वाळू, समोरून खारा वारा. तिथेच तिला रंगीत झाड हवं होतं.

बागायतदार दिनानाथच्या फाटकाजवळ क्रोटनची रांग होती. एकाच पानावर पिवळा, केशरी, लाल. दारावर मासळी द्यायला गेली की जयवंती टोपली टेकून बघत राही. एकदा तिने फांदी मागितली.

दिनानाथने दिली, पण वर बोलला, "ने. पन मासळीच्या हाताला झाड लागत नाय, जयवंती. तुमचं काम मारायचं, आमचं जगवायचं."

"मारलेलं खाताना तुमाला बरं गोड लागतं, भाऊ!"

बोलून आली खरी. पण झाड मेलं तर त्याचंच खरं होणार होतं.

फांदी रुजली. मग बाईने लाड केले. मासळीचं खत चांगलं म्हणून खारवलेल्या माशांची मुंडकी बुंध्यात पुरली, मिठासकट! आठ दिवसांत सगळी पानं गळाली.

मुलगा प्रीतम बोलला, "आये, टाक उपटून. तिथं बोंबील वालत टांगायला आनखी एक वलांडी बसल."

"तुज्या बोंबलांना सगलं खळं दिलंय. ही काडी माजी हाय."

तिने नखाने साल खरवडली. आत हिरवं होतं. मुळं गोड्या पाण्यात धुतली. बर्फाची जुनी थर्माकोलची पेटी घेतली. पाणी निघायचं भोक तिला होतंच. लाल माती भरून ती दगडांवर उंच ठेवली आणि दर्याच्या अंगाला जुन्या जाळ्याचे चार पदर बांधले. जयवंती जाळ्यात वारा धरते म्हणून आळी हसली. हसो.

तीन वर्षांत झाड कमरेला लागलं. मुळांनी पेटी फोडली.

यंदा गटाराचं काम निघालं नि दिनानाथची अख्खी रांग यंत्राखाली गेली. त्याची बायको विजया बाजारात आली.

"जयवंतीबाय, तसला रंग नर्सरीत नाय गो. एक फांदी दे."

"देते. पन लावीन मीच. आनि हात धुनार नाय."

दुसऱ्या दिवशी बाजार उरकून ती तशीच फाटकात शिरली. मनगटापर्यंत खवलं. दिनानाथ ओटीवर खुर्ची टाकून बसलेला.

"विजया, तिला हातावर पानी दे," तो बोलला.

"हातावर नको, भाऊ." जयवंतीने उकिडवं बसून हातानेच माती उकरली, फांदी रोवली, दाबली. "झाडाला घाला."

तो उठला, बादली भरून आणली, ओतू लागला.

"हलू!" जयवंती खेकसली. "माती वाहून जाते."

दिनानाथने बादली जरा सरळ केली.