बर्मा, घाना आणि मुख्य दार

घराची प्रतिष्ठा दाराच्या लाकडावरून ठरते, आणि लाकडाची ते कुठल्या देशातून आलं त्यावरून. हे वाक्य आमच्या सोसायटीच्या अध्यक्षांनी डोंबिवलीतल्या नव्या इमारतीच्या पार्किंगमध्ये, प्लॅस्टिकच्या खुर्चीवर उभं राहून उच्चारलं. खुर्चीवर चढायचं कारण म्हणजे टाकी वाहून खाली पाणी साचलं होतं.

पुनर्विकास संपला होता, फक्त मुख्य दारं बसायची होती. सगळ्यांनी एकाच मुहूर्तावर गृहप्रवेश करायचा असा ठराव होता, त्यामुळे दारं येईपर्यंत कोणीच आत जाणार नव्हतं. माझे वडील भाड्याच्या घरात, लिफ्ट नसलेल्या चौथ्या मजल्यावर होते. गुडघ्यांमुळे दिवाळीपासून खाली उतरले नव्हते. नव्या इमारतीला लिफ्ट होती. पावसाळ्याआधी त्यांना तिथे न्यायचं, हे मी ठरवूनच टाकलं होतं.

बिल्डरने सागवानाचे दोन पर्याय दिले होते, बर्माचं किंवा घानाचं. अध्यक्षांना बर्माच हवं होतं, तेही अख्खा ओंडका समितीने पाहून पसंत केलेलं.

"कापलेला मासा घेतो का आपण? कल्ले उघडून बघतोच ना?"

निम्मी समिती कोकणातली. माना डोलल्या.

ओंडके येईनात. विचारलं की बिल्डर "माल निघालाय" म्हणायचा. शेवटी दोन्ही देश काय काय बाहेर पाठवतात ते मीच ताडून पाहायला बसलो. ऑफिसातून आल्यावर निर्यातीचे कंटाळवाणे तक्ते वाचले, मग शीळफाट्याजवळच्या वखारीत जाऊन माल बघून आलो आणि पुढच्या सभेत उभा राहिलो.

"घाना लागवडीच्या सागाचे ओंडके पाठवतो. बर्माने ओंडके बाहेर द्यायचं काही वर्षांपूर्वीच बंद केलंय. येतं ते कापलेलं लाकूड. आपण जे बघायला थांबलोय ते येणारच नाही."

"सध्या देत नसतील," अध्यक्ष म्हणाले. "थांबू."

"कुठपर्यंत?" तळमजल्यावरच्या काकूंनी विचारलं. "सरकार बदलेपर्यंत? आपलं की त्यांचं?"

"काकू, हा दर्जाचा प्रश्न आहे."

"अहो, दार करायचंय, ओंडक्याचं बारसं नाही करायचंय."

मी म्हटलं, "घाना ठरवा, नाहीतर बाबांना मी येत्या रविवारी आत नेतो. दाराला पडदा लावीन. मुहूर्त तुमचा तुम्ही बघा."

नव्या इमारतीत, भर पॅसेजमध्ये, फुलाफुलांचा पडदा! अध्यक्षांच्या डोळ्यांसमोर तो उभा राहिला असावा. हात वर झाले. सगळ्यात शेवटी त्यांचाही झाला, आणि आफ्रिकेच्या मातीत मुळातच एक ताकद असते, हेही त्यांनी इतिवृत्तात नोंदवून घेतलं. समितीने दोन रिक्षा करून वखार गाठली आणि प्रत्येक ओंडक्यावर नारळ बघावा तशी टिचकी मारली.

मेअखेरीला बाबा लिफ्टने वर आले. दाराकडे बघितलंच नाही त्यांनी. चहा झाल्या झाल्या म्हणाले, "चल रे, खाली जाऊन येऊ."

दार घानाच्या सागवानाचं आहे. बाहेरून मात्र ते दिसत नाही, कारण त्याच आठवड्यात सगळ्यांनी त्यापुढे लोखंडी सेफ्टी डोअर बसवून घेतलं, सगळ्यात आधी अध्यक्षांनी.