साहेबांचा डावा अंगठा

ती घटना आठवली की आजही माझं डोकं तापतं. निवृत्त झालो, रक्तदाबाची गोळी सुरू झाली, घरातले म्हणतात सोडून द्या आता. पण काही गुन्ह्यांत आरोपी आत जातो आणि तरी मनाचं समाधान होत नाही. हा त्यातलाच.

तेव्हा मी केज तालुक्यातल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. इथे कुणाचंच नाव लिहीत नाही. गावाचंही नाही, कारण त्या बाईचं नाव एकदा फुटलं तेवढं पुरे झालं.

आमच्याकडे ऊसतोडीला नवरा-बायकोची जोडी गेली की तिला एक कोयता म्हणतात. एकट्या पोराला मजुरांची टोळी जमवणारा मुकादम सहसा घेत नाही. मग दसऱ्याच्या आधी त्याला जोडी लावायची घाई सुटते आणि सातवी-आठवीतली पोरगी बोहल्यावर उभी करतात. हे रोखायचं तर आधी कुणीतरी कळवलं पाहिजे, आणि कळवणाऱ्याचं नाव बाहेर गेलं तर त्याला गावात राहू देत नाहीत. म्हणून जिल्ह्यात एक फोन नंबर सुरू झाला आणि त्यामागे एक नवी संगणक प्रणाली बसवली. अभियांत्रिकी महाविद्यालयातल्या एका प्राध्यापिका बाईंनी ती स्वतःच्या संशोधनातून उभी केली होती.

बाईंनी मला ती दोनदा समजावून सांगितली. फोन करणाऱ्याचं नाव, गाव, हकिकत, सगळं कुलूपबंद होऊन साठायचं. नेहमीच्या पद्धतीत अशा माहितीत काही शोधायचं तर आधी सगळं उघडावं लागतं, आणि चोरी तिथेच होते. बाईंच्या पद्धतीत न उघडता शोधता यायचं. अधिकाऱ्यानं गावाचं नाव टाकलं की त्याच्याच संगणकावर त्या नावाची एक सांकेतिक खूण तयार व्हायची. साठवणाऱ्या यंत्राला ती खूण दिसायची, गाव कळायचं नाही. जुळलेली नोंद बंदच्या बंद परत यायची आणि अधिकाऱ्यानं पासवर्ड आणि अंगठा दिल्यावरच त्याच्या पडद्यावर उघडायची. हा अधिकार मोजक्याच लोकांना होता. एका अंगठ्याला जखम झाली तर अडायला नको म्हणून प्रत्येकाचे दोन्ही अंगठे नोंदवून घेतले होते.

मला ते पटलं. मी गावोगावच्या सभांत उभा राहून सांगितलं की नाव फुटणार नाही, हा माझा शब्द आहे.

त्यानंतर एका फोनवरून आम्ही एक लग्न थांबवलं. मंडप उतरवला, दोन्हीकडच्यांना समज दिली, वडिलांकडून हमीपत्र घेतलं. थोड्याच दिवसांत सकाळच्या हजेरीच्या वेळी ठाणे अंमलदार आत आला आणि म्हणाला की फाटकापाशी एक बाई बसली आहे, उठवलं तर उठत नाही. तिचा एक हात मोडून लोंबत होता, ओठ फुटला होता. नवऱ्यानं आणि दिरानं मारून घराबाहेर काढलं होतं. त्या लग्नाचा फोन हिनंच केला होता. ती त्या मुलीची आई होती.

तिला स्वतःच्या हाताचं काही नव्हतं. मुलगी अजून त्याच घरात आहे आणि ते दुसरीकडे नेऊन तिचं लग्न लावतील, एवढंच ती सांगत होती. मी तिला वैद्यकीय तपासणीला पाठवलं, गुन्हा दाखल केला आणि पथक धाडलं. मुलगी घरात नव्हती. चुलता तिला घेऊन गेला होता आणि त्याचा फोन बंद होता.

नवऱ्याला उचलून आणलं. माझी पद्धत मारायची कधीच नव्हती. माणसाला खुर्चीत बसवायचं आणि तेच तेच विचारायचं, खोटं बोलणारा आपोआप जास्त बोलतो. बायकोवर संशय कसा आला, असं विचारल्यावर तो फणकारला. म्हणाला, "तिनंच फोनवर सांगितलं न्हाई का, पोरगी गणितात पयली येती, तिला शिकू द्या म्हणून." माझा पेन थांबला. हे वाक्य बाईनं गावात कुणाजवळ काढलं नव्हतं. ते फक्त त्या कुलूपबंद नोंदीत होतं. म्हणजे गावानं अंदाज बांधलेला नव्हता, कुणीतरी नोंद उघडून वाचली होती. ज्याच्या टोळीत ही नवी जोडी जायची होती, त्या मुकादमानं ती नवऱ्याला सांगितली होती, आणि मुकादम फरार होता.

संध्याकाळच्या आत एका पुढाऱ्याचा फोन आला. मुकादम त्यांचा माणूस. मशीनच फुटकं आहे, त्या प्राध्यापिकेला उचला, असा त्यांचा सल्ला. वरूनही तोच सूर आला. हाड मोडलेली बाई दवाखान्यात, मुलगी बेपत्ता, आणि या सगळ्यांना घाई कसली, तर एका मास्तरणीला लॉकअपमध्ये बघायची. असा संताप आला होता की फोन ठेवताना तो फुटतो की काय असं वाटलं.

तरी चौकशी करणं माझं काम होतं. बाईंना ठाण्यात बोलावलं. त्या माझ्याहून जास्त चिडलेल्या होत्या. म्हणाल्या, कुलूप तुटलेलं नाही, कुणीतरी किल्लीनं उघडलं आहे. कोणत्या खात्यावरून, कोणत्या अंगठ्यानं शोध झाला याची नोंद राहायची, काय शोधलं हे मात्र त्या स्वतःही वाचू शकत नव्हत्या. पण एक गोष्ट त्यांनी जराशा ओशाळूनच सांगितली. त्यांच्या प्रणालीत एक उणीव होती, प्रबंधात त्यांनी ती कबूलही केली होती. तोच शब्द कुणीही पुन्हा शोधला की खूण तीच उमटते. काय शोधलं ते कळत नाही, पण तेच पुन्हा शोधलं हे कळतं.

मी म्हणालो, "बाई, पोलिसांची निम्मी नोकरी यावरच चालते." एखादा माणूस त्याच गल्लीतून सारखा जातो तेव्हा त्याचं नाव माहीत असावं लागत नाही, त्याला थांबवून विचारता येतं.

लेखी परवानगी काढली. पंचांसमोर अधिकृत संगणकावर आम्ही त्या गावाचं नाव टाकलं आणि कोणती खूण उमटते ते पाहिलं. मग तीच खूण आधीच्या शोधांमध्ये तपासली. ती सापडली, आणि एकदा नाही. लग्न थांबवल्यापासून रोज, अगदी आदल्या दिवशीपर्यंत, एकाच अधिकाऱ्याच्या खात्यावरून ते गाव शोधलं जात होतं. जिल्ह्याच्या एका कार्यालयातले साहेब. पण त्यातल्या एका दिवशी, त्याच वेळेला, हे साहेब माझ्या शेजारी व्यासपीठावर बसून मुलींच्या शिक्षणावर भाषण करत होते. आणि दर वेळी वापरलेला अंगठा डावा होता.

दुसऱ्या दिवशी कार्यालय उघडताच पंच घेऊन गेलो. साहेबांना राग आला. अंगठा नोंदवलेला आहे म्हणजे तो त्यांचाच, मशीन खोटं बोलेल का, असं मलाच विचारू लागले. मी उजवा ठेवायला सांगितला. हिरवा दिवा लागला. मग डावा ठेवायला सांगितला. लाल. त्यांनी अंगठा पँटला पुसून पुन्हा ठेवला. पुन्हा लाल.

तेवढ्यात टेबलापाशी पाण्याचा ग्लास ठेवणारा एक माणूस हळूच दाराकडे सरकला. माझ्या हवालदारानं दार अडवलं.

आमच्याकडे अशा माणसाला झिरो म्हणतात. त्याची नेमणूक नसते, हजेरीपटावर नाव नसतं, पण साहेबांच्या फायली तोच लावतो, पासवर्ड त्यालाच पाठ असतो. साहेबांनी आपल्या डाव्या अंगठ्याच्या जागी त्याचा अंगठा नोंदवून ठेवला होता. का, तर दर वेळी उठून मशीनपाशी यावं लागायचं. साहेब म्हणाले, "सोयीसाठी केलं हो, त्यात गैर हेतू नव्हता." हा एक शब्द मी जन्मात विसरणार नाही. यांच्या सोयीसाठी त्या बाईचा हात मोडला होता.

झिरोला ठाण्यात आणलं. त्याला आपण काही केलं असं वाटतच नव्हतं. मुकादम त्याचा सोयरा. त्यानं विचारलं, यानं वाचून दाखवलं, एवढंच. मी म्हणालो, नाव तर पहिल्याच दिवशी सांगितलंस, मग रोज रोज तेच गाव कावून बघत होतास बे? पुन्हा तोच प्रश्न, कशासाठी बघत होतास? तिसऱ्यांदा म्हणाला, "पुन्ना कुनी फोन केला का, ते बघाय लावलतं त्यांनी."

म्हणजे लग्न अजून लागलं नव्हतं. बातमी फुटत नाही ना, याची ते खात्री करून घेत होते. मग मी त्याला उसंत दिली नाही. नांदूरघाटच्या पलीकडे मुकादमाच्या पाहुण्यांचा शेतातला आखाडा, म्हणजे शेतावरची वस्ती होती, तिथे दुसऱ्या दिवशी सकाळी उरकायचं ठरलं होतं. आम्ही त्याच दिवशी पोचलो. मुकादम आणि चुलता तिथेच सापडले, मुलगी आतल्या खोलीत होती. अंगावरची साडी तिला इतकी मोठी होत होती की जागोजाग पिना लावल्या होत्या. मला बघून तिनं पहिला प्रश्न विचारला, की आई जिवंत आहे का.

मुकादम, चुलता, नवरा, दीर, झिरो, सगळ्यांवर दोषारोपपत्र गेलं. मुलगी बीडला वसतिगृहात राहून शाळेला जाऊ लागली. साहेब निलंबित झाले, काही महिन्यांनी पुन्हा रुजू झाले आणि पुढे हार-तुरे घेऊन निवृत्तही झाले. तो फोटो कुणीतरी मला पाठवला, मी तो पुसून टाकला.

प्राध्यापिका बाईंनी प्रणाली लगेच दुरुस्त केली. अंगठा नोंदवताना दुसऱ्या खात्याचा अधिकारी समोर हवा, असं बंधन घातलं, आणि एकाच शब्दाची खूण दर वेळी वेगळी उमटेल असंही केलं. काम चोख होतं. पण त्या हंगामात आमच्या भागातून त्या नंबरवर एकही फोन आला नाही. लग्नं थांबली होती असं नाही. आम्हाला ती मागाहून कळायची, टोळ्या कारखान्यावर गेल्यावर.

आता मला नव्या फौजदारांपुढे बोलायला बोलावतात. त्यांना ती खूण कशी जुळवली हे ऐकायचं असतं. ते मी सांगतो, पण आधी त्या मुलीच्या आईची गोष्ट सांगतो. ती बाई माहेरी भावाकडे राहायला गेली होती, सासरचं दार तिला कायमचं बंद झालं होतं. मी मुद्दाम गेलो. मशीन फुटलं नव्हतं, आता ते आणखी पक्कं केलं आहे, असं तिला बराच वेळ समजावलं. प्लास्टरमधला हात मांडीवर ठेवून तिनं सगळं ऐकून घेतलं.

मग म्हणाली, "मशीनचं मला कावून सांगता, साहेब? मी मशीनला न्हाई सांगितलतं. तुमी सभेत शबूद दिलता, म्हणून तुमाला सांगितलतं."