काजळीची नळी

वहिनींचा फोन आला तेव्हा मी बॉनच्या स्टेशनवर गाडीची वाट बघत होतो. "हे गेले... झोपेतच," एवढंच त्या म्हणाल्या. हेमंत, जर्मनीतल्या वाल्डॉर्फ गावातला माझा सर्वांत जुना मित्र. रडू तर आलंच, पण त्याच्या आधी वाटलं की सुटला बिचारा. ज्याची त्याला धास्ती होती, ते त्याच्या वाट्याला आलं नाही.

धास्ती डोळ्यांची होती. त्याच्या वडिलांची नजर मधुमेहाने गेली आणि शेवटची वर्षं ते प्रत्येक पावलाच्या आवाजाला "कोण?" विचारत बसायचे. पुढे हेमंतलाही मधुमेह निघाला. फटाक्यांना घाबरणारा हा माणूस गावच्या नेमबाजीच्या क्लबात जाऊ लागला तेव्हा आम्ही त्याची यथेच्छ थट्टा केली. तो तिथे स्वतःची नजर तपासायला जायचा, हे फार नंतर कळलं. त्याच्या पिस्तुलावर नेम धरायला छोटी काच होती, तिच्यात लाल ठिपका दिसायचा. ठिपका दिसतोय तोवर डोळे शाबूत, अशी त्याने मनाशी खूणगाठ बांधली होती.

एका उन्हाळ्यात ठिपका दिसेना. कुणाला न सांगता तो तोंड पाडून हिंडत होता. शेवटी मला क्लबात घेऊन गेला. "गेला रे," पिस्तूल खाली ठेवत म्हणाला, "बाबांसारखंच होणार माझं..." मी बघितलं, तर उतरतं ऊन त्याच्या खांद्यावरून येऊन थेट काचेवर पडत होतं. मी मागे उभा राहून वर्तमानपत्र उन्हाला आडवं धरलं.

"आता?"

"अरे... आहे की."

मग तो बाकावर बसला आणि बराच वेळ नाक शिंकरत राहिला.

पुढच्या शनिवारी त्याने फिल्मच्या रोलची काळी डबी कापून ऊन अडवायला काचेभोवती नळी बसवली. नळी आतून चमकते म्हणून त्याने वहिनींनी नातीसाठी घरी धरलेलं काजळ नळीत फासलं. उन्हात ते वितळलं आणि आरशासारखं लखलखलं. "अहो, काजळात तूप असतं," वहिनी हसून म्हणाल्या, "नुसती काजळी घ्या." त्यांनी निरांजनावर ताटली धरली, त्याने ती कोरडी काजळी बोटाने नळीत चोळली. क्लबातल्या म्हाताऱ्या क्राउससाहेबांनी आत डोकावून "गेनाऊ", म्हणजे अगदी बरोबर, म्हटलं. त्यानंतर ठिपका कधी हरवला नाही.

परवा त्यांच्या घरी गेलो. पिस्तूल क्लबाने रीतसर नेलं होतं, वहिनींना त्याने हायसंच वाटलं. नळी मात्र देवघरात, काजळाच्या डबीशेजारी आहे. मी ती डोळ्याला लावून खिडकीबाहेर बघितलं. बोटाला काजळी लागली.

"जायच्या आदल्या दिवशी सुईत दोरा ह्यांनीच ओवून दिला," वहिनी म्हणाल्या. "चष्मा न लावता."